उरलेल्या दुधातून बेकरीचा जोडधंदा

आपल्या वस्त्यांत दूध-डेअरी आणि बेकरी या दोन धंद्यांत बरीच कुटुंबे आहेत. दोन्ही दुकाने अनेकदा एकाच गल्लीत असतात. तरीही डेअरीत उरलेला माल रात्री मातीमोल भावाने जातो आणि शेजारचा बेकरीवाला मावा बाजारातून विकत आणतो. हा तोटा टाळता येण्याजोगा आहे.

दूध उरण्याचे दिवस ठरलेले असतात. पावसाळ्यानंतर म्हशी वितात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुधाची आवक वाढते. ईदला शीरखुर्म्यासाठी जादा दूध मागवले जाते आणि दुसऱ्या दिवशी मागणी एकदम उतरते. अशा दिवसांची तयारी आधीच ठेवावी.

आधी परीक्षा, मग कढई

संध्याकाळी उरलेल्या दुधापैकी वाटीभर उकळून पाहावे. टिकले तर त्याचा मावा, फाटले तर छेना. हा निर्णय सकाळवर टाकला की मावा हातचा जातो, कारण आंबूस दूध कढईत आटण्याआधीच फाटते.

म्हशीच्या ५ लिटर दुधाचा साधारण १ किलो मावा होतो. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांनी नावारूपाला आणलेला मावा केक यातूनच बनतो. पाव किलो मैदा, तेवढीच साखर, १५० ग्रॅम मावा, १२५ ग्रॅम लोणी, ३ अंडी, थोडे दूध, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि वेलची. लहान साच्यांत १८० अंशांवर २० ते २५ मिनिटांत केक तयार होतो.

फाटलेल्या दुधाचा छेना ओडिशात भाजून खातात. ‘छेना पोडा’ ही तिथली प्रसिद्ध मिठाई आहे. अर्धा किलो छेन्यात १५० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे रवा व वेलची मळून तूप लावलेल्या डब्यात पाऊण तास भाजावे. वरून तपकिरी रंग आला पाहिजे. छेन्याचे पाणीही फेकू नये. पावाची कणीक त्यात मळता येते. त्यातील दुधाची साखर यीस्ट खात नाही, म्हणून पावाला रंग लवकर चढतो. भट्टीची आच थोडी कमी ठेवावी.

आंबट दह्याचा केक

दही आंबले की गिऱ्हाईक नाक मुरडते, पण केकला तेच हवे असते. दह्यातील आंबटपणा आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की वायू सुटतो व केक फुगतो. २०० ग्रॅम मैदा, पाव किलो दही, १७५ ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर तेल, अर्धा छोटा चमचा सोडा आणि एक चमचा बेकिंग पावडर एवढे पुरते. सोडा पडताच मिश्रण भट्टीत गेले पाहिजे. ठेवून दिले तर केक बसतो. यात अंडे नसल्याने शाकाहारी गिऱ्हाईकही मिळते.

मात्र आंबट आणि खराब यांत फरक आहे. बुरशी आलेले, तार सुटलेले किंवा कडवट वासाचे दही-दूध भट्टीत घालू नये. वेलचीने वास झाकता येतो, पण एकदा गेलेला विश्वास परत येत नाही.

हिशेब चोख ठेवा

उरलेले दूध फुकट समजणे ही या धंद्यातील मोठी चूक आहे. रात्री ते ज्या भावाने गेले असते, तो भाव वहीत खर्चाच्या बाजूला लिहावा. त्यात साखर, लोणी, इंधन आणि कारागिराची मजुरी मिळवून मग केकचा दर ठरवावा. एवढे करून चार पैसे सुटत असतील तरच घाणा चढवावा. आणि दूध रोजच उरत असेल, तर केक वाढवण्यापेक्षा गवळ्याकडची मागणी कमी करणे शहाणपणाचे.

घरून माल बनवणाऱ्या भगिनींनीही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी. भट्टी नसेल तर शेजारच्या बेकरीशी बोलावे. दुपारी भट्टी रिकामी असते तेव्हा ट्रेमागे भाडे ठरवून माल भाजून घेता येतो. डेअरीवाला दूध देईल, बेकरीवाला भट्टी. बरकत दोघांच्याही गल्ल्यात पडेल.