शुगर वाढली की रक्त घट्ट का होतं?



मागच्या महिन्यात कागल तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. बचत, हप्ते सगळं झाल्यावर एक मावशी हळूच म्हणाल्या, "मॅडम, शुगरनं माझं रक्त घट्ट झालंय म्हणत्यात. मालकांची रक्त पातळ व्हायची गोळी घरात हाय, तीच घेऊ का?"

मावशी, घेऊ नका. का ते सांगते.

रक्तातल्या लाल पेशी वाटोळ्या असतात. अंगातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या त्यांच्यापेक्षाही अरुंद. मग पेशी आत जाते कशी? ताज्या भाकरीसारखी दुमडून! पण साखर सतत जास्त राहिली की ती पेशीला चिकटते आणि पेशी शिळ्या भाकरीसारखी ताठ होते. मग रक्त संथ जातं. त्यात शुगर वाढली की लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्त आणखी दाट होतं. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या नसा याच बारीक वाहिन्यांवर जगतात, म्हणून झळ तिथं आधी बसते.

आणि ती गोळी? तिचं नावच फसवं आहे. ती फक्त रक्ताची गुठळी होऊ देत नाही. ताठ पेशी ताठच राहते, वर पोटात रक्तस्राव व्हायची भीती. (ज्यांना डॉक्टरांनीच दिली आहे, त्यांनी मात्र स्वतःहून बंद करू नये.)

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग नवी येते. म्हणून आज शुगर आटोक्यात आणली तर फरक पडायला तीन-चार महिने लागतात. तीन महिन्यांची शुगर दाखवणारी एचबीए१सी तपासणी याच हिशोबावर चालते. तिला उपाशीपोटी जावं लागत नाही. पण अंगात लोह कमी असेल तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो, तेव्हा एचबी कमी असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

भांगलणीला गेल्यावर आडोसा नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. शुगर असेल तर असं करू नका. (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच प्या.) आणि हो, गुळानंही शुगर वाढते, आपल्याच गुऱ्हाळाचा असला तरी.

रोज रात्री तळपाय बघा. नवी कोल्हापुरी चप्पल चावली तरी बधिर पायाला कळत नाही. जखम दिसली तर हळद लावून वाट बघू नका, दवाखान्यात दाखवा. तिशीनंतर शुगरची तपासणी उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंना दिवस विचारून घ्या.