जंतूची भिंत आणि आपली कॅप्सूल

पावसाळी हवा पडली की औषधाच्या दुकानात एक संवाद हमखास कानी पडतो. ‘‘पोराला सर्दी-ताप आहे, चार कॅप्सूल द्या.’’ दुकानदार ओळखीचाच असतो. कॅप्सूल मिळतात, दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि उरलेल्या कॅप्सूल पुढच्या आजारपणासाठी फडताळात जातात. यात चुकले कोठे? हे समजण्यासाठी पेशीच्या आत-बाहेर थोडे डोकावले पाहिजे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ, लवचीक पटल असते. काय आत घ्यायचे आणि काय बाहेर टाकायचे, हे ते पटल ठरवते. बहुतेक पेशींच्या आत केंद्रक असते. त्यात आनुवंशिक माहिती साठवलेली असते. तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा मिळवून देतात आणि रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण प्रथिने तयार करतात.

आजार पसरवणारा जिवाणू हाही एक पेशीच आहे, पण त्याची रचना वेगळी. त्याला केंद्रक नसते. उलट पटलाच्या बाहेर बहुतेक जिवाणूंना एक भक्कम भिंत असते. जिवाणूच्या आत दाब मोठा असतो. सायकलच्या ट्यूबला जसा टायर सांभाळतो, तशी ही भिंत त्याला सांभाळते. टायर फाटला तर ट्यूबचे काय होते, हे सांगायला नको!

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 साली लंडनमध्ये एका बुरशीत जे पेनिसिलिन सापडले, ते नेमका हा टायर फाडते. वाढणाऱ्या जिवाणूच्या भिंतीचे सांधे ते जुळू देत नाही आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नसल्याने त्या वाचतात. आपल्याकडे याच औषधाच्या उत्पादनासाठी पिंपरीला 1954 साली सरकारी कारखाना स्थापन झाला. टेट्रासायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन यांसारखी औषधे भिंतीला हात न लावता जिवाणूच्या रायबोसोमचे काम बंद पाडतात. जिवाणूचे रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून हे शक्य होते.

आता सर्दीकडे वळू. सर्दी, फ्लू, गोवर, कांजिण्या, डेंग्यू हे आजार विषाणूंमुळे होतात. विषाणू ही पेशीच नव्हे. त्याला ना भिंत, ना रायबोसोम. तो आपल्याच पेशीत शिरून आपल्याच रायबोसोमकडून काम करून घेतो. मग कॅप्सूल फोडणार काय आणि बंद पाडणार काय? साध्या सर्दीचा ताप दोन-तीन दिवसांत आपोआपच उतरतो. श्रेय मात्र कॅप्सूलला मिळते.

एवढ्यावर भागत नाही. आपल्या आतड्यांत उपयोगी जिवाणूही असतात. तेही या औषधाने मरतात आणि जुलाब लागतात. काहींना पेनिसिलिनचे वावडे असते. अंगावर पुरळ उठते, क्वचित जीवावर बेतते. त्याहून मोठा धोका म्हणजे काही जिवाणू औषधाला तोंड देण्यास शिकतात. कोणी पेनिसिलिन तोडणारा पदार्थ तयार करतात, तर कोणी औषध पेशीबाहेर फेकतात. गरज नसताना घेतलेल्या प्रत्येक कॅप्सूलने अशा जिवाणूंचेच फावते. उद्या न्यूमोनिया झाला, तर तेच औषध निरुपयोगी ठरू शकते.

क्षयाच्या जंतूची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या भिंतीत मेणासारखा थर असतो, त्यामुळे अनेक औषधे आत शिरतच नाहीत. शिवाय त्याची वाढ फार सावकाश होते. काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला वीसेक तास लागतात. काही जंतू तर झोपल्यासारखे पडून राहतात. म्हणूनच क्षयावर चार-चार औषधे एकत्र देतात आणि उपचार सहसा सहा महिने चालतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, म्हणून औषध सोडणारा रुग्ण उरलेल्या चिवट जंतूंना रान मोकळे करून देतो. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात.

तेव्हा वाचकहो, ज्या पाकिटावर लाल उभी रेघ दिसेल, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागू नका. डॉक्टरांनी दिले, तर सांगितलेले सर्व दिवस घ्या. दुसऱ्याच्या उरलेल्या कॅप्सूल घेऊ नका. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली किंवा मूल निपचित पडू लागले, तर मात्र दुकानात नव्हे, दवाखान्यात जा.