पोटाचा घेर आणि पेप्टाइडची सुई

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला तेव्हापासून राज्याच्या आरोग्यचर्चेत त्याचे नाव निघते ते बहुधा जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाच्या संदर्भात, आणि १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत झालेले बालमृत्यू लक्षात घेता ते स्वाभाविकही आहे. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, बोईसर स्थानक, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून चालू असलेले अणुवीज केंद्र यांच्या आसपास शिफ्टमध्ये काम करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाची तक्रार नेमकी उलटी असते, ती म्हणजे हातपाय काटकुळे राहिले तरी पोट मात्र सुटत चालले आहे. एकाच जिल्ह्यातील या दोन टोकांचे परस्परांशी काही नाते असावे हे सहजासहजी पटत नाही, पण ते नाते दाखवून देणारे संशोधन महाराष्ट्रातच झालेले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा जो अभ्यास केला, त्यात आढळले की तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅमने कमी असले, तरी ही तूट मुख्यतः स्नायू आणि अवयवांची होती व चरबी त्यामानाने शाबूत होती. वरून कृश आणि आतून मेदयुक्त अशा या देहयष्टीचे बोलके उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. त्यात स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली होती. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा बीएमआय ३० ऐवजी २५ वर आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० तर स्त्रियांत ८० सेंटीमीटरवर आणली गेली, त्यामागे याच प्रकारचे निष्कर्ष आहेत.

हा घेर मोजण्याची रीत मात्र बहुतेकांची चुकते. पँटचा पट्टा ढेरीच्या खाली बसत असल्याने पँटचे माप वर्षानुवर्षे तेच राहते आणि माणूस निर्धास्त राहतो. फीत लावायची असते ती शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर आणि पोट आत न ओढता. शिवाय ज्याला आपण सरसकट ‘पोट’ म्हणतो त्यात निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात: आतडी व यकृत यांच्याभोवती साठलेली आंतरावयवी चरबी, चिमटीत धरता येणारी त्वचेखालची चरबी, सैल पडलेली त्वचा, बाळंतपणानंतर मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू, आणि कित्येकदा नुसता वायू व मलावरोध. मधुमेह, यकृतातील मेद आणि हृदयविकार यांच्याशी सर्वांत घट्ट संबंध पहिल्या चरबीचा आहे, तर आरशासमोर डाचते ती बहुधा दुसरी.

वजन घटवण्यासाठी आता गाजत असलेली औषधे पेप्टाइड वर्गातील आहेत, म्हणजेच प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांच्याच छोट्या साखळ्या. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक मेंदूला तृप्तीचा संदेश देते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि गरजेनुसार इन्सुलिन वाढवते, परंतु रक्तात ते दोनेक मिनिटांतच अर्धे नष्ट होते. सेमाग्लुटाइडमध्ये या साखळीत थोडे फेरफार करून तिला मेदाम्लाची एक शेपटी जोडलेली असल्यामुळे औषध रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते आणि आठवड्यातून एक इंजेक्शन पुरते. टिर्झेपटाइड हे जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या आंत्रसंप्रेरकाचेही काम करते. भारतात टिर्झेपटाइड ‘माउंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये आणि वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये आले.

पोटाच्या दृष्टीने या औषधांचा हिशेब तपासण्यासारखा आहे. १९६१ जणांवर ६८ आठवडे चाललेल्या ‘स्टेप-१’ या चाचणीत सेमाग्लुटाइडने वजन सरासरी १४.९ टक्के आणि कमरेचा घेर साडेतेरा सेंटीमीटर घटला. पण त्या मंडळींचा घेर मुळातच सरासरी ११४ सेंटीमीटरच्या वर होता, त्यामुळे ९६ सेंटीमीटर घेराच्या बोईसरकराने तेवढीच घट मनात धरू नये. आपल्याला अधिक जवळची चाचणी जपान व दक्षिण कोरियातील ‘स्टेप-६’ ही आहे, कारण तीत सीटी स्कॅनने पोटाच्या आतली चरबी प्रत्यक्ष मोजली गेली आणि पूर्ण मात्रा घेणाऱ्यांत तिचे क्षेत्रफळ ४० टक्के कमी झालेले आढळले. म्हणजे ‘पोट काही केल्या जात नाही’ असे वाटत असतानाही धोक्याची चरबी बरीच गेलेली असू शकते. राहते ती खालच्या पोटाची त्वचेखालची चरबी, जी स्त्री-पुरुष दोघांतही सावकाश हलते. शरीराच्या एकाच जागेची चरबी वेगळी काढणारे औषध किंवा व्यायाम नाही, आणि सैल त्वचा व फाकलेले स्नायू यांवर तर या इंजेक्शनांचा काहीच इलाज चालत नाही. मात्रा वाढवताना होणारा मलावरोध पोट फुगवतो, ही त्यात आणखी भर.

खरी अडचण स्नायूंची आहे. ‘स्टेप-१’मधील ज्यांचे डेक्सा स्कॅन, म्हणजे चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणारी क्ष-किरण तपासणी, झाले त्यांची एकूण चरबी १९.३ टक्के घटली, पण चरबीविरहित वजनही ९.७ टक्के घटले. ज्याच्याकडे स्नायूंचे भांडवल जन्मापासूनच तोकडे, त्याला ही घट महागात पडते, आणि म्हणून ‘बारीक हातपाय, पुढे पोट’ अशा माणसाने वजनकाट्यावर समाधान मानणे चुकीचे ठरते. बहुतेक तज्ज्ञ या काळात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२ ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्यासारखा जोराचा व्यायाम सुचवतात. भूक मेलेली असताना ताटात आधी काय जावे हा प्रश्न मग महत्त्वाचा होतो, आणि सातपाटीची मासळी, वाल, अंडी, दही यांना वाडा कोलमच्या भातापेक्षा पहिला मान द्यावा लागतो. सुक्या बोंबलात प्रथिने भरपूर असली तरी रक्तदाब असलेल्याने त्यातल्या मिठाचा विचार करावा.

शिफ्टमधील कामगाराला आणखी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना हे इंजेक्शन सुरू झाले आणि नाइट शिफ्टला भूक नाही म्हणून डबा तसाच परत आला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून जुन्या औषधांच्या मात्रा डॉक्टरांकडून आधीच कमी करून घ्याव्या लागतात. तसेच उलट्या-जुलाब होत असताना बॉयलर किंवा रिअ‍ॅक्टरजवळच्या उष्णतेत काम केल्यास शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडांना इजा होण्याची शक्यता वाढते. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे कमी आढळणारे पण गंभीर दुष्परिणाम आहेत. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा स्वतःचा किंवा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना आणि गर्भवतींना ही औषधे देत नाहीत.

जिममधून ‘पोटाची चरबी जाळणारे पेप्टाइड’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या कुप्यांची गोष्ट निराळी आहे. एओडी-९६०४ हा वाढीच्या संप्रेरकाचा तुकडा त्यातलाच असून, वजनावर पुरेसा परिणाम न दिसल्याने त्याचा विकास २००७ मध्ये थांबवण्यात आला. टेसामोरेलिन हे पेप्टाइड आंतरावयवी चरबी खरोखरच घटवते, पण अमेरिकेत २०१० मध्ये मिळालेली त्याची मान्यता एचआयव्हीबाधितांच्या विशिष्ट मेदविकारापुरती आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ असे लिहिलेली कुपी टोचून घेणाऱ्याला तिच्यात काय आहे आणि ती निर्जंतुक आहे की नाही हे सांगणारा कोणीच नसतो.

वजन घटवण्यासाठी या औषधांची मान्यता बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांना, अथवा तो किमान २७ असून मधुमेह, रक्तदाब यांसारखी व्याधी जोडीला असणाऱ्यांना आहे. बीएमआय २४ आणि शर्टाचे बटण ताणणारी ढेरी एवढ्यावर ती घेऊ नयेत, हे येथे स्पष्ट म्हटलेले बरे. माउंजारोची सर्वांत कमी मात्रेची कुपी बाजारात आली तेव्हा साडेतीन हजार रुपयांना होती आणि आठवड्याला एक लागत असल्याने महिन्याला चौदा हजारांचा खर्च होत असे, जो कंत्राटी कामगाराच्या आवाक्याबाहेरचा होता. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्यामुळे स्वस्त पर्यायांची वाट मोकळी होते. तथापि ‘स्टेप-१’नंतर औषध थांबवलेल्यांनी वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत मिळवले, तेव्हा खर्चाचा हिशेब काही महिन्यांचा न धरता अनेक वर्षांचा धरावा लागतो, आणि पहिली सुई टोचण्याआधीच तो डॉक्टरांसमोर मांडावा लागतो.