वसईतील सायकलस्वारांची भाषा : एक टिपण

एखाद्या मंडळाची भाषा अभ्यासावयाची तर ते मंडळ कशासाठी एकत्र येते हे प्रथम पाहावे लागते. वसई-विरार परिसरातील सायकल-मंडळे हिवाळ्यात सुटीच्या दिवशी पहाटेच्या अंधारात निघतात. वसईच्या किल्ल्यापासून गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी या गावांवरून अर्नाळ्याच्या समुद्राकडे जाणारा रस्ता त्यांच्या विशेष आवडीचा आहे. प्रस्तुत लेखक अशा एका मंडळाबरोबर काही हिवाळे हिंडला असून पुढील निरीक्षणे त्या सहवासातील आहेत.

सायकलची शब्दसंपत्ती म्हणजे मराठीच्या इतिहासाचा एक छोटा छेदच होय. ‘चाक’ संस्कृत ‘चक्र’ शब्दापासून आले. टायरमध्ये भरावयाची ‘हवा’ अरबी. टायर, ट्यूब आणि पंक्चर इंग्रजी. दुरुस्ती करणारा ‘मेस्त्री’ आणि कुलपाची ‘चावी’ पोर्तुगीज आहेत. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता हे येथे आठवल्यावाचून राहत नाही, जरी हे दोन्ही शब्द साऱ्या महाराष्ट्राचे झाले आहेत. महामार्गावर तेरा तास तीस मिनिटांत २०० किलोमीटर पुरे करणारी मंडळी ‘ब्रेव्हे’ हा फ्रेंच शब्दही घेऊन आली आहेत. परंतु शब्द परका असला तरी क्रियापद आपलेच राहते. पंक्चर इंग्रजीत दुरुस्त होते, मराठीत ते काट्याप्रमाणे ‘काढले’ जाते. सायकलवर ‘टांग मारली’ जाते. ‘रपेट’ हा चांगला शब्द घरात असताना मंडळींनी ‘राईड’ पत्करला, याचे मात्र आम्हांस वाईट वाटते. असो.

खरा कुतूहलाचा भाग ओळीचा आहे. वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणून श्रम वाचविण्यासाठी प्रत्येक स्वार पुढच्याच्या आडोशाला, अगदी जवळ राहतो. या आडोशाची किंमत अशी की, मागच्यास रस्ता दिसत नाही. उजेडी हाताची खूण पुरते. पौषातल्या पहाटे ती दिसत नाही, तेव्हा शब्दावाचून गत्यंतर नसते. पहिला ‘खड्डा’ म्हणतो, दुसरा ते उच्चारून तिसऱ्याकडे देतो, आणि शब्द शेवटापर्यंत पोहोचतो. ‘गाडी’, ‘डावीकडे’, ‘हळू’ हेही तसेच. या उद्गारांत क्रियापद नाही, याचे कारण केवळ घाई नव्हे. मराठीत आज्ञार्थ वापरताच ‘थांब’ की ‘थांबा’ हे ठरवावे लागते. ज्या ओळीत निवृत्त मुख्याध्यापकामागे त्यांच्या नातवाच्या वयाचा विद्यार्थी, त्यामागे एखादी परिचारिका आणि तिच्यामागे दुकानदार असतो, तेथे नुसते नाम किंवा क्रियाविशेषण हा पेच टाळते. थांबण्याची वेळ आली की सगळेच ‘थांबा’ म्हणतात. तेथे अनेकवचन आदराच्या उपयोगी पडते.

टपरीवर चहासाठी सायकली टेकल्या की पेच परत येतो. काका, दादा, ताई, सर ही संबोधने ज्याच्या त्याच्या जागी बसतात. आणि ज्याने वाटेत ट्यूब बदलून दिली त्याला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणण्यास एक चहा पुरतो. मंडळाचे सामाजिक जीवन म्हणतात ते बहुतांशी येथेच घडते: वर्गणी, कोणाचे आजारपण, पुढचा मार्ग, थोडी थट्टा.

आणि येथेच एक गोष्ट खटकते. गाव-वसईत सामवेदी अथवा कादोडी, वाडवळी, कोळी अशा बोली पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. २०११ च्या जनगणनेत मात्र या शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली, आणि बोली बोलणारे आपल्याच भूमीत थोडे झाले. दोघे कुपारी स्वार एकमेकांशी कादोडीत बोलत असतात. तिसरा जवळ येताच ते प्रमाण मराठीवर येतात. चौथा अमराठी असला तर सारे हिंदीवर. कोणी कोणास अडविलेले नसते, हा केवळ शिष्टाचार असतो. बोलीच्या ऱ्हासाची चर्चा करताना आपण शाळा आणि वृत्तपत्रे यांच्याकडे बोट दाखवितो. पाहुण्याच्या सोयीसाठी वाक्याच्या मध्यावर भाषा बदलणारे हे सौजन्य आपल्या हिशेबात येत नाही. आमच्या मते त्याचा वाटा मोठा आहे.

उलट दिशेचा प्रवास क्वचित दिसतो, तो वस्तूच्या आधाराने. आगाशीस थांबले की नवागत ‘सुकेळी’ हा शब्द केळ्याच्या चवीसह शिकतात. निर्मळच्या बाजूस पंक्चर काढीत असता एकाने रस्त्याकडेच्या पाण्याकडे बोट करून हा तलाव कोणाचा, असे विचारले. ‘तलाव नाही, बावखल,’ असे उत्तर आले, आणि बागायतीला तिचे पाणी कसे मिळे, विहिरी तिच्यामुळे कशा भरत, हे सांगण्यात अर्धा तास गेला. मंडळातील अमराठी सदस्यही आता बावखलच म्हणतात. तथापि वसईतील अनेक बावखले बुजविली गेली आहेत, आणि ओळीत पुढे असलेल्याने बोट दाखवावे असे पाणी त्या रस्त्यावर दर हिवाळ्यात कमीच होत आहे.