दूरस्थ समुपदेशन : शोक, ताण आणि जीवनातील स्थित्यंतरे
(बुऱ्हाणपूरच्या संदर्भात एक विवेचन)

इ.स. १६३१ च्या जून महिन्यात बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल यांचे निधन झाले. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत त्यांचे दफन झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पार्थिव आग्र्याकडे नेण्यात आले. शहाजहान आठवडाभर दरबारात दिसला नाही, अशी नोंद दरबारी इतिहासकारांनी केली आहे. बादशहाच्या या दुःखाविषयी पुष्कळ लिहिले गेले. थोरली मुलगी जहाँआरा हिच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्यामानाने कमी गेले. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. आई गेली, वडील खचले, धाकटी भावंडे समोर आणि शाही जनानखान्याचा कारभारही तिच्याच शिरावर. शोक, ताण आणि स्थित्यंतर हे विषय मानसशास्त्राच्या पुस्तकात निरनिराळ्या प्रकरणांत येतात. माणसाच्या वाट्याला ते पुष्कळदा एकदमच येतात.

शनवारा दरवाजाच्या परिसरातून महाविद्यालयात जाणाऱ्या एखाद्या मुलीचे वडील वारले, तर तिची अवस्था फारशी वेगळी नसते. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे झाल्यास इंदूर गाठणे म्हणजे सुमारे १८० किलोमीटरचा प्रवास, सोबतीला कोणीतरी हवे आणि ‘कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तरही तयार हवे. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के असल्याचे त्यात आढळले. दूरस्थ समुपदेशनाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

स्वरूप

फोन, व्हिडिओ किंवा लेखी संदेश यांद्वारे प्रशिक्षित व्यक्तीशी ठरलेल्या वेळी होणारा संवाद, अशी याची साधी व्याख्या करता येईल. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही सेवा सुरू केली, तेव्हा अनेकांना हा प्रकार नवखा वाटला होता. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि डॉक्टरांच्या दूरस्थ सल्ल्याला स्पष्ट चौकट मिळाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा चोवीस तास व विनाशुल्क असून मराठी-हिंदीसह वीस भाषांत उपलब्ध आहे. प्रथम समुपदेशक बोलतो. गरज असल्यास प्रकरण तज्ज्ञाकडे सोपविले जाते.

मदतवाणीवरचा एक फोन आणि समुपदेशनाची मालिका यांत फरक आहे, तो शिक्षकांनी लक्षात घ्यावा. फोनवर तातडीचा आधार मिळतो. मालिकेत तीच व्यक्ती बहुधा दर आठवड्याला पाऊण तास भेटते, उद्दिष्ट ठरवते आणि मागील भेटीचा धागा पुढे नेते. समुपदेशक डॉक्टरच असला पाहिजे असे नाही. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने सर्वसामान्य व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचे समुपदेशन करविले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ते परिणामकारक ठरले. अर्थात ‘प्रशिक्षण’ हा शब्द येथे कळीचा आहे. जाहिरात करणारा प्रत्येक जण प्रशिक्षित असतो असे नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणविणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे काय, हे निःसंकोच विचारावे.

तीन दिवस, चाळीस दिवस, सहा महिने

शोक हा आजार नाही. ताजियत, पुरसा, शेजाऱ्यांकडून येणारे जेवण, मराठी घरांतील तेराव्यापर्यंतची वर्दळ ही सारी शोकाला वाट देणारी जुनी व्यवस्था आहे आणि ती पुष्कळ अंशी शहाणपणाची आहे. २०२०-२१ च्या महामारीत जनाज्याला मोजकेच लोक राहिले आणि पुरसा व्हॉट्सअॅपवर आला, तेव्हा या व्यवस्थेची किंमत कळली.

मात्र तिची मुदत ठरलेली असते. ताजियतीचे तीन दिवस संपतात, काही घरांत चेहलूम होतो, गरोदर नसलेल्या विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांनी पूर्ण होते. त्यानंतर लोक आपापल्या कामाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात (अंमल २०२२ पासून) ‘दीर्घकालीन शोक-विकार’ हे निदान आले, तेही मृत्यूला किमान सहा महिने उलटल्यावर, दैनंदिन जीवन विस्कळीत झाले असल्यास आणि त्या समाजाच्या रीतीच्या तुलनेत शोक स्पष्टपणे अधिक असल्यासच. म्हणजे समाजाची वर्दळ थांबते त्या सुमारासच खरा एकटेपणा सुरू होऊ शकतो, आणि निदानाची वेळ त्यानंतर येते. दूरस्थ समुपदेशनाची खरी जागा या मधल्या काळात आहे. ते पुरशाला पर्याय नाही. इद्दतीतील स्त्रीला घराबाहेर न पडता ते घेता येते, हा आणखी एक फायदा.

संशोधक स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडले की शोकाकुल माणूस गमावलेल्याची आठवण आणि नवी घडी बसविणे या दोन टोकांमध्ये ये-जा करतो. एके दिवशी रडणारी विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज विचारते, तेव्हा ‘हिला दुःखच नाही’ असा शेरा शिक्षककक्षात ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

फोन कोणाचा?

खरी अडचण यंत्रणेत कमी, घरात अधिक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के, तर मध्य प्रदेशात ४० टक्क्यांहूनही कमी होत्या. फोन भावाचा, खोली एक, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट. अशा घरात मनातले बोलायचे कसे? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण तो घरातल्या भिंतीला लागू होत नाही! लेखी संवाद आवाजाविना होतो, हे खरे. परंतु तो फोनमध्ये मागे राहतो. कोणी आत आल्यास वापरावयाचा एखादा निरुपद्रवी शब्द समुपदेशकाशी पहिल्याच भेटीत ठरवून घेणे, हा अधिक उपयोगी उपाय होय.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. बुऱ्हाणपुरात उर्दू, हिंदी, मराठी एकाच घराच्या उंबऱ्यावर भेटतात. ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच कोणी म्हणते. ‘दिल घबराता है’, ‘सीने पर बोझ है’, ‘जीव लागत नाही’ असे म्हटले जाते. समुपदेशकाला हे शब्द ओळखीचे नसतील, तर छातीच्या तपासणीचा सल्ला मिळून विषय संपण्याची भीती असते. (छातीची तपासणी करूच नये असा याचा अर्थ नव्हे.) भाषा निवडताना पाठ्यपुस्तकाची नव्हे, रडण्याची भाषा निवडावी, असे विद्यार्थ्यांना सांगावे.

मर्यादा आणि एक खोली

आत्महत्येचा विचार बोलून दाखविणे, भ्रम होणे, घरात मारहाण होत असणे, खाणेपिणे सुटणे, अशा वेळी पडद्यावरच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. व्यक्तीला एकटे सोडू नये, रुग्णालयात न्यावे. तातडीसाठी ११२ आहे. म्हणूनच चांगला समुपदेशक सुरुवातीलाच प्रत्यक्ष पत्ता आणि जवळच्या एका व्यक्तीचा क्रमांक मागतो. यावर विद्यार्थी बिचकतात. कारण समजावून द्यावे.

शिक्षकाने स्वतः समुपदेशक होण्याची गरज नाही. त्याच्या हातात जे आहे ते साधे आहे : दार बंद होणारी एक खोली, चालू असलेले इंटरनेट, कानाला लावायचा एक इअरफोन आणि आठवड्यातून एक तास. हजेरीपटावर त्या तासाची नोंद ‘ग्रंथालय’ अशी पडली तरी चालेल. खोलीची किल्ली शक्यतो शिक्षिकेकडे असावी आणि आत कोण गेले होते हे तिने शिक्षककक्षात सांगू नये.