‘इम्जिनरोक’ : एका चुरशीचे नामकरण

दक्षिण कोरियातील इम यो-ह्वान व होंग जिन-हो हे ‘स्टारक्राफ्ट’ या संगणकीय खेळाचे माजी व्यावसायिक खेळाडू. त्यांच्या लढतींस ‘इम्जिनरोक’ ही संज्ञा मिळाली. एकाचे आडनाव ‘इम’ व दुसऱ्याच्या नावातील ‘जिन’ यांच्या संयोगाने ती सिद्ध झाली; १५९२ च्या जपानी आक्रमणावरील जुन्या युद्धकथेचेही हेच नाव असल्याने येथे श्लेष साधतो. २००१ च्या अंतिम सामन्यात इम ३–२ असे, तर २००४ च्या उपांत्य सामन्यात ३–० असे विजयी झाले. परंतु होंग यांच्या ‘कोंग’ (कडधान्याचा दाणा) या टोपणनावावरून वारंवार उपविजेते ठरणाऱ्यांस ‘कोंग-पंक्ती’ म्हणण्याचा प्रघात पडला. विशेषनामाचे सामान्यनाम होण्यास विजयच आवश्यक असतो असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.