मणक्यासाठी रक्ताची पावडर!

विरार फास्टमध्ये चढणं हे एक स्किल. चढल्यावर चर्चगेटपर्यंतचे ६० किलोमीटर एका पायावर काढणं हे दुसरं. मग दिवसभर खुर्चीत, मान मॉनिटरकडे. पाठ कुरकुरली तर नवल काय! बहुतेकांचं व्यायाम आणि फिजिओथेरपीवर भागतं. काहींवर मात्र ऑपरेशनची पाळी येते. त्यातलंच एक म्हणजे ‘स्पायनल फ्युजन’, म्हणजे दुखऱ्या जागचे दोन मणके कायमचे जोडून टाकणं.

स्क्रू टाकले, म्हणजे काम झालं?

नाही ना! टायटॅनियमचे स्क्रू आणि रॉड मणक्यांना फक्त धरून ठेवतात. जोडायचं खरं काम हाडाचंच. कमरेच्या किंवा मणक्याच्याच हाडाचे तुकडे तिथे भरतात. त्यावर नवं हाड धरायला सहा महिने ते वर्ष लागतं. ते नाही धरलं, तर स्क्रू सैल होऊ शकतात आणि पुन्हा टेबलवर जायची वेळ येऊ शकते. इकडे रजा संपलेली, फ्लॅटचा हप्ता मात्र चालूच.

पीआरपीचा फंडा

केसगळतीच्या जाहिरातींत ‘पीआरपी’ वाचलंच असेल. तुमचंच थोडं रक्त घ्यायचं, मशिनमध्ये गरागरा फिरवायचं आणि प्लेटलेट्सनी भरलेला पिवळसर भाग वेगळा काढायचा. प्लेटलेट्स फक्त रक्त गोठवत नाहीत. जखम भरायला लावणारे ‘ग्रोथ फॅक्टर्स’ही त्या सोडतात. मग हेच मणक्यात का नको, असा प्रश्न डॉक्टरांना पडला.

जपानच्या चिबा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ६२ पेशंट्सवर केलेली चाचणी २०१९ मध्ये छापून आली. पीआरपी दिलेल्यांपैकी ९४ टक्क्यांचं हाड जुळलं, न दिलेल्यांपैकी ७४ टक्क्यांचं. पण थांबा! पाठदुखी, पायदुखीत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे एक्स-रे खूश, तरी पेशंटला फरक जाणवेलच असं नाही.

वसईची सुकेळी आठवा

अडचण अशी की ताजं पीआरपी लगेच वापरावं लागतं. रक्तपेढीतल्या प्लेटलेट्सही साधारण पाचच दिवस टिकतात, त्याही २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवून. यावर उपाय काय, हे वसईकरांना वेगळं सांगायला नको. केळं चार दिवसांत काळं पडतं, सुकेळी मात्र महिनोन् महिने टिकतात. गेलं ते फक्त पाणी!

रक्ताला ऊन दाखवून चालत नाही, म्हणून आधी गोठवायचं आणि निर्वात जागेत बर्फाची थेट वाफ करायची. काही इन्स्टंट कॉफीही अशीच बनते. दुसऱ्या महायुद्धात सुकवलेला प्लाझ्मा असाच आघाडीवर जायचा. चिबाच्याच टीमने २०१६ मध्ये उंदरांच्या मणक्यांवर अशी पीआरपी पावडर वापरून दाखवली आणि ती ताज्या पीआरपीच्या तोडीस तोड ठरली. पण उंदीर म्हणजे विरारचा पॅसेंजर नव्हे! आपल्याकडे ही काही रोजची ट्रीटमेंट झालेली नाही.

विचारा बिनधास्त

उद्या घरातल्या कुणाच्या ऑपरेशनच्या एस्टिमेटमध्ये ‘पीआरपी’ची वेगळी ओळ दिसली, तर लाजू नका. आमच्या केसमध्ये त्याचा नेमका फायदा काय? दुखणं कमी होणार की फक्त हाड लवकर जुळणार? खर्च किती? इन्शुरन्सवाले देतील का? नाही घेतलं तर काय बिघडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांना वैतागत नाही.

आणि एक उपाय तर फुकटातला आहे, सिगारेट सोडा! निकोटिनमुळे हाड जुळायला वेळ लागतो, कधीकधी ते जुळतच नाही. डायबिटिस असेल तर शुगर ताब्यात ठेवा. पावडर येईल तेव्हा येईल, स्टेशनबाहेरची टपरी मात्र आजच टाळता येते.